आश्रितांचा रकाना

दोन भावांत तीन वर्षं बोलाचाली नव्हती. विहिरीवरच्या मोटरीचं बटन आधी कोणी दाबायचं, एवढ्याशा गोष्टीवरून भैयाजी आणि ताराचंद यांनी एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं होतं. समजूत घालायला मामा येऊन गेले, व्याही येऊन गेले, पवनारहून एक महाराजही येऊन चहा पिऊन गेले. कोणाची डाळ शिजली नाही. आणि जे इथल्या कोणाला जमलं नाही, ते हॅम्बुर्गच्या हेल्ब्रुक नावाच्या कंपनीनं एका ईमेलात करून दाखवलं. युरोपातल्या अकरा ऑफिसांतून सहा हजार माणसं कमी करणार, अशी बातमी आली आणि शुक्रवारी सकाळी भैयाजी कमरेवर हात ठेवून धाकट्याच्या अंगणात हजर.

"ताऱ्या, घाबरू नको," ते म्हणाले. "मी आहो ना."

ताराचंदच्या बायकोनं, कुसुमबाईनं, डोक्यावर पदर घेतला आणि मनात म्हटलं, बाप्पा, आता खरं घाबरायला पाहिजे.

तिच्या पीयूषला त्या कंपनीत पाच वर्षं झाली होती. दहा दिवसांच्या रजेवर आला होता तो, शनिवारच्या स्वतःच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी. मांडव पडला होता, वांगी आली होती, बुंदी पाडायला आचारी ठरला होता. साक्षगंध म्हणजे काही लग्न नव्हे, पण आपल्याकडं साक्षगंध मोडणं म्हणजे लग्न मोडण्यापेक्षा वाईट, कारण लग्न मोडलं तर निदान कारण तरी सांगता येतं.

"कमी करणार म्हंजे?" तिनं पोराला विचारलं होतं.

"म्हंजे काढणार, आई."

"मंग काढणार म्हनावं ना सरळ."

सरळ म्हणायची रीत त्या कंपनीत नव्हती. पत्रात 'पुनर्रचना' होती, 'नव्या प्रवासासाठी मोकळीक' होती. पीयूषच्या धाकट्या बहिणीनं, खुशीनं, ते पत्र वाचून मोजलं, तर 'कुटुंब' हा शब्द सात वेळा निघाला आणि 'काढणे' एकदाही नाही. आपण सारे एक कुटुंब आहोत, असं साहेबानं लिहिलं होतं. कुसुमबाई म्हणाली, कुटुंबात भांडणं होतात, डोकी फुटतात, मोटरीचं बटन तुटते, पण कुटुंबात कधी यादी लागत नाई.

आणि यादी कोणाची, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पीयूषचा फोन दिवसभर कोंबडीसारखा फडफडत होता. तिकडच्या पोरांचा एक ग्रुप होता. त्यात एक म्हणे, लिस्बनच्या ऑफिसातल्या कुंड्या उचलून नेल्या, म्हणजे लिस्बन गेलं. दुसरा म्हणे, क्राकोच्या ऑफिसात नव्या खुर्च्या आल्या, म्हणजे क्राको वाचलं. मग कळलं की खुर्च्या लिस्बनच्याच होत्या, आणि पुन्हा सगळे अंधारात. सोमवारी प्रत्येकाला ऑनलाइन मीटिंगला बोलावलं होतं. पंधरा मिनिटांचं बोलावणं आलं तर माणूस गेला, अर्ध्या तासाचं आलं तर राहिला, असा एक शोध लागला होता. पीयूषला आलं होतं ते वीस मिनिटांचं. तेव्हापासून तो वीस या आकड्याकडं डोळे लावून बसला होता.

"एवढे शिकलेले लोक," ताराचंद म्हणाला, "आन् कुंड्या पाहून राह्यले."

खरी मेख होती एका फॉर्मात. कोणाला काढायचं ते ठरवताना माणसाच्या घरची परिस्थिती बघायची, असा कंपनीचा नियम. नोकरीची वर्षं किती, वय किती, बायको आहे का, आणि पोशिंद्यावर अवलंबून असलेली माणसं किती. सगळ्याचे गुण. बायकोचे आठ, एकेका आश्रिताचे चार. शनिवारी दुपारी, आपल्या घड्याळात साडेचार वाजेपर्यंत हा फॉर्म दुरुस्त करता येणार होता, आणि सोमवारी यादी. पीयूष सडाफटिंग. त्याचे गुण झाले नऊ.

"पास किती गुणांवर?" कुसुमबाईनं विचारलं.

"ते सांगत नाई."

"अरे वा! पेपर बी त्याईचाच, तपासणार बी तेच, आन् पास किती ते सांगत नाई?"

भैयाजींचे डोळे मात्र चमकले. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं काढून ते वरिष्ठ बाबू म्हणून निवृत्त झाले होते, आणि त्यातली तीस वर्षं बदलीच्या यादीतून नावं काढून घेण्यात गेली होती. आधी स्वतःचं, मग साऱ्या गावाचं. यादी म्हटलं की त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ यायचं. त्यांनी खुर्ची मागवली, चष्मा पुसला, कोरे कागद मागवले.

"साहेब कितीबी मोठा असो," ते म्हणाले, "त्याले कागद लागते. कागद आपण देऊ."

दुपारपर्यंत निवेदन तयार. 'प्रति, मा. मुख्य साहेब, हेल्ब्रुक कंपनी, मु. पो. हॅम्बुर्ग. विषय: सहानुभूतीपूर्वक विचार होणेबाबत.' त्याखाली आश्रितांचा तक्ता, अकरा नावांचा. त्यात खुद्द भैयाजी होते, जे महिन्याच्या महिन्याला पेन्शन घेत होते. त्यांची बायको होती. नागपूरला दुकान टाकून बसलेला त्यांचा मुलगा होता. पंधरा वर्षांपूर्वी वारलेली एक आत्याही होती, तिला खुशीनं मोठ्या मुश्किलीनं काढलं, तर भैयाजींनी तिच्या जागी दुसरी आत्या घातली. आणि सगळ्यावर कडी म्हणजे गोल शिक्क्याचा दाखला. सरपंच गावची एक बाई होती, पण दाखल्यावर सही तिच्या नवऱ्यानं केली, कारण तीच तिथली रीत. 'श्री. ताराचंद हे निराधार असून त्यांना उदरनिर्वाहाचे दुसरे कोणतेही साधन नाही.'

"निराधार?" ताराचंद उभाच राहिला. "मी? अबे, चार एकर वांगं उभं आहे माहं वावरात!"

"वांगं वावरात असते, ताऱ्या. कागदावर नसते."

"पन मी निराधार कायचा? माहे हातपाय गेले का?"

"चार गुण भेटतात," भैयाजी म्हणाले. "चार गुणासाठी सोमवारपर्यंत निराधार राहाले का जाते तुहं?"

कुसुमबाईनं तक्त्यात स्वतःचं नाव शोधलं. दुसऱ्या नंबरवर होतं. 'कुसुमबाई, वय ५७, काही काम करीत नाही.'

ती ओळ तिनं दोनदा वाचली. पहाटे चारला उठून, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आणि मेथीच्या जुड्या बांधून, पहिल्या गाडीनं वर्ध्याच्या बाजारात जाऊन बसायचं, हे सव्वीस वर्षं चाललं होतं. पीयूष पहिल्यांदा विमानात बसला त्या दिवशीसुद्धा तिनं त्याला अंगणातूनच ओवाळलं होतं, कारण गुरुवार होता आणि पालक काढून ठेवलेला होता. या सोमवारी यादी लागणार, हे कळल्यावरही ती एवढंच म्हणाली होती, "लागो का न लागो, सोमवारचा बाजार थोडाच थांबते." पण भासऱ्यांना, नवऱ्याच्या थोरल्या भावाला, उलटून बोलायची सवय जिभेला नव्हती. आणि पोराची नोकरी होती. मायनं पोरासाठी काय काय केलं, त्यात 'काही काम करीत नाही' हेही एक, असं म्हणून तिनं तो कागद पुढं सरकवला.

दुसरी गोष्ट बैठकीत ठरली ती ही, की पोरीकडच्यांना सोमवारपर्यंत काही बोलायचं नाही. भैयाजी नाही म्हणाले, ताराचंद नाही म्हणाला. मोटरीच्या बटनावर तीन वर्षं ज्यांचं एकमत झालं नव्हतं, त्यांचं खोटं बोलण्यावर पाच मिनिटांत झालं. पीयूष खाली मान घालून "तुमी म्हणाल तसं" म्हणाला. कुसुमबाईला ते रुचलं नाही.

कारण जया तिची निवड होती. सावंगीच्या रस्त्यावर एक खासगी तपासणी लॅब आहे, तिथं ती पोरगी रक्त घ्यायची. गेल्या हिवाळ्यात कुसुमबाईचं रक्त तिनंच घेतलं. सुई कधी गेली आणि कधी निघाली, कळलंसुद्धा नाही. कुसुमबाईनं तिथंच नाव, गाव, बापाचं नाव विचारून घेतलं आणि बाजारातून परत येताना मनातल्या मनात लग्न लावून टाकलं. पुढं तीन महिने पोरं फोनवर बोलली, एकमेकांना पसंत पडली. ही पोरगी हातची गेली तर आपण जन्मभर स्वतःला माफ करणार नाही, असं तिला साफ वाटत होतं.

शनिवारी सकाळी भैयाजींनी दोन कागद पाठवले. एक तो निराधार दाखला, पीयूषला, कंपनीकडं चढवण्यासाठी. दुसरं पीयूषचं परिचयपत्र, दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर, कारण जयाचे वडील रूपराव यांनी नातेवाइकांना दाखवायला मागितलं होतं. परिचयपत्रावर भैयाजींनी आदल्या दिवशी हात फिरवला होता. आता समेट झाल्यामुळं त्यांचीही पाच एकर त्यात आली, म्हणजे ओलिताची झाली नऊ. त्यांचा ट्रॅक्टरही आला.

पीयूषनं कुडता घालता घालता, आलेला कागद न उघडता कंपनीकडं पाठवून दिला. बारा वाजता खुशी फोन घेऊन स्वयंपाकात आली. तिचा चेहरा उतरला होता.

"आई, मोठेबाबानं घोळ केला."

"आता का केलं?"

"दाखला ग्रुपवर टाकला. आन् परिचयपत्र दादाले पाठवलं. दादानं ते हॅम्बुर्गले धाडून देल्लं."

"ग्रुपवर म्हंजे, त्याईच्या घरच्या ग्रुपवर?"

"दोन्ही घरच्या. सेहेचाळीस जनाईनं पाह्यलं. जयाच्या एका मामानं तं न वाचताच 'अभिनंदन' लिहिलं."

कुसुमबाईनं फोन हातात घेतला आणि पाटावर उलटा करून ठेवला. आचारी विचारत होता, भाजीत मीठ टाकू का. ती म्हणाली, टाक बावा, आता जखमेवर टाकाले कमी पडलं तं मंग पाहू.

भैयाजींना सांगितलं तेव्हा ते क्षणभरच डगमगले. कचेरीतला माणूस, चूक झाली की आधी ती दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायची हे हाडीमाशी मुरलेलं. "या फोनाची बनावटच चुकीची आहे," ते म्हणाले. "दोन कागद एकसारखे दाखवते." आणि त्यांनी पोस्ट पुसायला घेतली, ती फक्त स्वतःच्या फोनातून पुसली.

तीन वाजता दोन जीपगाड्या लागल्या. रूपराव सेलूचे. एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर होते. उंच, वाळके, कमी बोलणारे. त्यांनी हातपाय धुतले, टॉवेल नीट घडी करून परत दिला, मांडवात बसले. जयाला बायकांनी आत नेलं. चहा आला. रूपरावांनी बशीत ओतला, फुंकर घातली, अर्धा पिऊन झाल्यावर बशी खाली ठेवली.

"ताराचंदभाऊ, एक विचारू का?"

"विचारा ना, विचारा."

"तुमी निराधार कधीपासून झाले?"

मांडवात कोणीतरी बुंदी चावत होतं, तेही थांबलं.

"ते दुसऱ्या ताराचंदचं आहे," भैयाजी घाईनं म्हणाले. "गावात दोन ताराचंद."

"अस्सं. दुसऱ्या ताराचंदचा पोरगा बी हॅम्बुर्गले आहे का?"

"म्हंजे त्याचं असं झालं का..."

"भैयाजी," रूपराव शांतपणे म्हणाले, "मी एकतीस वर्षं गाडीत तिकिटं फाडली. बिगर तिकिटाचा माणूस मले खिडकीबाहेर पाहून राह्यला तरी ओळखू येते. तुमी कवापासून बाहेर पाहून राह्यले."

ताराचंदचा बांध तिथंच फुटला. निराधार म्हटल्यापासून त्याचं रक्त उकळतच होतं. "नाई मी निराधार!" तो ओरडला. "लिहून घ्या. माहं वांगं पाहून घ्या जाऊन वावरात. हे सारं त्या कंपनीपायी." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. सहा हजार माणसं, गुण, फॉर्म, सोमवार. मोठ्या भावाचा दाखलाही सांगितला. भैयाजींकडं पाहून सांगितला. एका दिवसाचा समेट तिथंच संपला.

आतल्या खोलीत बायकांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. कुसुमबाई दाराशी उभी होती, मागं जया. तिच्याकडं वळून पाहायची कुसुमबाईला हिंमत झाली नाही.

रूपरावांनी उरलेला चहा संपवला. "हे खरं बोलले तुमी, आनंद आहे," ते म्हणाले. "मंग असं करू. सोमवारी यादी लागते ना? मंगळवारी साक्षगंध करू. दोन दिवसानं का फरक पडते. जेवण मातर आज करून जातो, अन्न वाया नको जाले."

"थांबता कायले?" भैयाजींना पुन्हा यादीचं वारं चढलं. "उलटं करा! आज लग्नच लावून टाका. साडेचारच्या आत. ब्राह्मण आहेच, पोरगी आहेच. बायकोचे आठ गुण! मी सरपंचाच्या घरून दाखला आणतो. पायजे तं मागच्या महिन्याची तारीख टाकतो."

"माह्या लग्नात पत्रिकेचे गुण पाह्यले होते," रूपराव म्हणाले. "हे गुण पयल्यांदाच ऐकले."

पाहुण्यांत दोन तट पडले. एक म्हणे थांबा, एक म्हणे लावा. ज्या काकूला मघाशी पोरगा फार आवडला होता, तिला आता त्याचं नाक मोठं दिसू लागलं. तेवढ्यात पीयूषचा फोन वाजला. हॅम्बुर्गहून उत्तर होतं. शनिवारी कामावर असलेली कोणी बाई होती; शनिवारी का, तर सोमवारच्या यादीत तिचंही नाव असू शकत होतं. खुशीनं फोन हिसकावून मोठ्यानं वाचलं, इंग्रजीतून मराठी करत करत.

"'आपला कागद मिळाला. आमच्या मशीननं त्याचं भाषांतर केलं. त्यानुसार आपण गोरे, पाच फूट नऊ इंच, निर्व्यसनी व अविवाहित आहात. नऊ एकर ओलीत व एक ट्रॅक्टर आपल्याकडे आहे. आपल्याला घरकामात तरबेज मुलगी हवी आहे. यापैकी आपल्यावर अवलंबून कोण, हे कृपया मुदतीपूर्वी कळवावे.'"

पहिल्यांदा हसले ते रूपराव. मग सगळा मांडव. कुसुमबाईलाही हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण पीयूष हसत नव्हता. मांडवाच्या खांबाला धरून उभा होता तो.

मागून कोणीतरी तिच्या खांद्याला हात लावून तिला हळूच बाजूला केलं. जया बाहेर आली. अर्धी नेसलेली साडी तिनं कमरेला खोचली होती.

"बाबा, मंगळवारपर्यंत थांबायचं नाई," ती म्हणाली.

"जये, तू आत जा."

"जातो. बोलून जातो. मले त्या लॅबमधी सात वर्षं झाले, बाबा. दर अकरा महिन्याले ठेकेदार माहा कागद संपवते. मंग दोन दिवस घरी बसायचं. तिसऱ्या दिवशी नवा कागद आला तं आला, नाई तं नाई. सात वेळा बसली मी. तुमी दरवेळी म्हणले, येईन फोन, जेवून घे. कोणी मांडव टाकला नाई, कोणी निवेदन लिहिलं नाई, कोणी म्हटलं नाई का हिचं साक्षगंध थांबवा. याईची कंपनी विमानानं दूर म्हून मोठी बातमी झाली का?"

रूपरावांनी रिकामी बशी बाजूला सरकवली.

"सोमवारची यादी पाहून मी हो म्हटलं," जया म्हणाली, "तं मी माणसाले हो नाई म्हटलं, यादीले म्हटलं. आन् आठ गुणासाठी आजच गळ्यात माळ घातली, तं मी बायको नाई झाली, दाखला झाली. दोन्ही मले नाई पायजे." मग ती पीयूषकडं वळली. "तुमी सांगा. मोठेबाबा नाई, तुमीच सांगा. यादीत नाव आलं तं का करान?"

पीयूषनं इकडं तिकडं पाहिलं. लहानपणापासून त्याच्या वतीनं कोणी ना कोणी उत्तर दिलेलं होतं. भैयाजींनी घसा साफ केला, पण खुशीनं त्यांच्या हातात बुंदीची वाटी कोंबली.

"मले मालूम नाई," पीयूष म्हणाला. "खरंच नाई. मले भेव वाटते, जया. कुणकुण लागून दोन महिने झाले, लॅपटॉप उघडाच्या आधी जिन्यात जाऊन बसतो. तिथी कोणाले सांगता येत नाई. ज्याले सांगावं, त्याले वाटते मी गेलो तं तो वाचन. आन् इथी सांगितलं तं मोठेबाबानं दाखला काढला."

"मंग फोनवर तीन महिने सारं बढिया, सारं बढिया काऊन सांगत होते?"

"तू नाई म्हणशीन म्हून."

जयानं त्याच्याकडं नीट पाहिलं. "आता नाई म्हणत," जया म्हणाली. "खरं बोलाले येते तुमाले, एवढंच पाहाचं होतं."

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पीयूषनं फोनात फॉर्म उघडला. आश्रितांच्या रकान्यात अकरा नावं, भैयाजींनी शुक्रवारीच त्याच्याकडून भरून घेतलेली.

"माहं नाव काढ," ताराचंद म्हणाला. "पयले माहं काढ."

"ताऱ्या, चार गुण..."

"तुमी बुंदी खा, दादा," ताराचंद म्हणाला.

"माहं बी काढ रे पीयूष," कुसुमबाई म्हणाली. आणि लग्न होऊन आल्यापासून जे झालं नव्हतं ते झालं. ती भासऱ्यांकडं तोंड करून बोलली. "आन् भाऊजी, ते 'काही काम करीत नाही' लिहिलं ना तुमी, ते पुन्हा कोण्या कागदावर लिहू नका. सांगून ठेवतो."

पदर डोक्यावरच होता. भैयाजी मात्र वाटीत पाहू लागले.

पीयूष एकेक नाव पुसत गेला. आत्या गेली, नागपूरचा दुकानदार गेला, भैयाजींची बायको गेली. शेवटी एक उरलं.

"माहं राहू दे," भैयाजी बारीक आवाजात म्हणाले. "अगदीच कोरा कागद बरा दिसत नाई."

पीयूषनं तेही पुसलं. कोणाला विचारलं नाही. आश्रित, शून्य. विवाहित, नाही. त्यानं बटन दाबलं तेव्हा साडेचाराला दोन मिनिटं कमी होती.

कुसुमबाईनं हिशेब केला. नऊच गुण. एवढं मोठं पोरगं, आणि साता समुद्रापलीकडं नुसत्या नऊ गुणांवर उभं. तिला वाटलं धावत जावं आणि पुन्हा सगळी नावं भरावीत, मेलेल्या आत्यासकट. आणि त्याच वेळी असंही वाटलं की आज पहिल्यांदा हा पोट्टा मोठा झाला, आणि ते वाटणं भीतीपेक्षा थोडं जास्त होतं.

रूपराव उठले. त्यांनी पीयूषच्या पाठीवर हात ठेवला. "तिकीट काढून बसला हा," ते आपल्या माणसांना म्हणाले. "होऊ द्या साक्षगंध. ब्राह्मणाले बोलवा."

मग सगळं रीतीनं झालं. पाट मांडले, कुंकू लागलं, साखर वाटली. नाक मोठं म्हणणाऱ्या काकूला ते पुन्हा सरळ दिसू लागलं. भैयाजींनी मंगलाष्टकं म्हणायला सुरुवात केली, तेव्हा कोणीतरी सांगितलं की ती लग्नात असतात.

ओटी भरायला कुसुमबाई जयासमोर बसली. नारळ ठेवला, तांदळाची पहिली ओंजळ घातली. सगळ्यांचं लक्ष जेवणाच्या पंगतीकडं होतं. तिला एकदम आठवलं, की या पोरीला एक गोष्ट कोणीच विचारली नाही. तिनंही नाही.

"काऊन वो माय," तिनं हळू आवाजात विचारलं, "तुहे अकरा महिने कधी भरतात?"

जयानं मान वर केली नाही. "परवा."

"परवा म्हंजे?"

"सोमवारी."

कुसुमबाईची ओंजळ तशीच राहिली. शुक्रवारपासून हे अख्खं घर हॅम्बुर्गच्या सोमवारसाठी जीव मुठीत धरून बसलं होतं. आणि ही पोरगी तोच सोमवार घेऊन इथं आली होती, बसली होती, हसली होती, आणि सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. तिनं तांदूळ ओटीत घातले, हात पुसले आणि पंगतीत वाढायला निघालेल्या पोराला हाक मारली.

"पीयूष!"

"का वं आई?"

"सोमवारी वांगी घेऊन बाजारात तू जाजो. तुही ती वीस मिनिटाची मीटिंग पोत्यावर बसून बी होते."

"आन् तू?"

"मी जयाजवळ बसतो," कुसुमबाई म्हणाली, आणि पुढची ओंजळ भरली.